डिसेंबरात नको, जुलैत बोलवा : इंदूरच्या शाळाचालकांना खुले पत्र

प्रति,
इंदुरात मराठी मंडळींनी काढलेल्या आणि आजही चालवलेल्या शाळांची संचालक मंडळं, मुख्याध्यापक-मुख्याध्यापिका आणि पालक-शिक्षक समित्या

सप्रेम नमस्कार.

मी नाटकवाला माणूस. नोकरी बँकेत केली, पण लोक ओळखतात ते नाटकामुळे. दिवाळीचा फराळ संपत आला की तुमच्यापैकी कुणाचा तरी फोन येतोच. 'सर, गॅदरिंग डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. पंधरा मिनिटांचं काहीतरी बसवून द्या. मेसेज हवा. आणि वर्गातली सगळी मुलं स्टेजवर दिसली पाहिजेत, पालक विचारतात.' मी कपाटातली एखादी जुनी संहिता काढतो, नावं बदलतो, संवाद स्टुडिओत रेकॉर्ड करून घेतो (माइकची भानगड नको, असं शाळाच सांगते) आणि मुलं त्या आवाजावर ओठ हलवतात. भाड्याचे ड्रेस येतात, व्हिडिओ निघतो, मानधनाचं पाकीट मिळतं.

हे पत्र त्या कामाविरुद्ध आहे. म्हणजे माझ्याच धंद्याच्या मुळावर, असं घरी म्हणतात. मागणी साधी आहे. मला डिसेंबरात बोलावू नका, जुलैत बोलवा. आणि स्टेजवर नको, सातवी-आठवीच्या वर्गात बोलवा. नाटकातून मुलं जे शिकतात, त्यातलं बरंचसं नाटक लिहिताना शिकतात. आपण लिहिणं मोठ्यांच्या हातात ठेवलं आणि मुलांच्या वाट्याला पाठांतर दिलं. आता तर रेकॉर्डिंगमुळे तेही उरलेलं नाही.

नाटकाचं महत्त्व इंदूरला मी सांगावं, असं काही नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत पहिला प्रयोग केला, त्याचं स्मरण म्हणून 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन इथेही साजरा करतो. बाबा डिके यांच्यासारखी माणसं याच गावात नाटक करत राहिली. सानंद या आपल्या संस्थेच्या नाटकाची तारीख पाहून घरचं केळवण पुढेमागे करणारी कुटुंबं मला ठाऊक आहेत. एवढी नाटकवेडी वस्ती, पण तिच्या शाळांत मुलांनी स्वतः लिहिलेला प्रवेश शोधून सापडत नाही.

मागच्या वर्षाचंच घ्या. 2025 हे अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीचं वर्ष. त्या वर्षात मी अहिल्याबाई किती पाहिल्या याची गणती नाही. सगळीकडे तीच पांढरी साडी, हातात तीच पिंड, मागे घाट रंगवलेला पडदा आणि वरून भारदस्त आवाजातलं निवेदन. अहिल्याबाई कोण होणार, तर वर्गातली गोरी, उंच मुलगी. दरवर्षी तीच. बाकीच्या मुली आरतीचं ताट धरून दोन्ही बाजूंना उभ्या. त्यांना इतिहासाचं काय कळलं, असं कुणी विचारलं नाही, मीही नाही.

आता हाच विषय लिहायला देऊन बघा. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला. दौलतीला वारस नाही. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड, म्हणजे गंगोबातात्या, यांचं म्हणणं दत्तक घ्यावा आणि कारभार आपल्याकडे असावा. त्यांनी राघोबादादांशी संधान बांधलं आणि दादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. पुढचं चरित्रकारांनी खूप रंगवलं आहे. बाईंनी दादांना काय लिहून पाठवलं, याची तर प्रत्येकाची आपापली आवृत्ती आहे. शेवटी लढाई झाली नाही, कारभार बाईंकडे राहिला आणि फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे गेली.

वर्गाला हे सांगून झालं की मी म्हणतो, गंगोबातात्याच्या बाजूने लिहा. मुलं दचकतात, कारण गोष्टीतला दुष्ट माणूस ठरलेला असतो. पण खलनायकाचं म्हणणं त्याच्या तोंडून पटेल असं लिहायचं तर वाचावं लागतं. फौजेचा पगार कोण भागवतं, पेशव्याची मंजुरी का लागते, दत्तकाचा अधिकार कुणाचा, हे शोधावं लागतं. एका गटाच्या वहीत तात्यांच्या तोंडी असं वाक्य होतं : 'बाईसाहेब, शिपाई दुखवटा पाळत नाही, तो तनखा मोजतो.' आठवीतल्या मुलाने हे लिहिलं. अठराव्या शतकातलं राज्य कशावर उभं असायचं, ते त्याला समजलं आहे. पाच गुणांच्या उत्तरात हे तो लिहू शकला नसता, कारण तिथे तसं कुणी विचारतच नाही.

त्याच गटात एक वादही झाला. बाईंची ती सुप्रसिद्ध वाक्यं संवादात घ्यायची की नाही? ती कुठे नोंदलेली आहेत आणि कुठे नुसती ऐकीव? मुलांनी आपणच तोडगा काढला. नोंद मिळालेलं ते सरळ संवादात आणि ऐकीव ते गावातल्या दोन बायकांच्या गप्पांत, 'म्हणे बाई असं बोलल्या' असं. इतिहासाच्या शिक्षिका माझ्या शेजारी बसल्या होत्या. 'साधनं हा धडा मला इतका नीट कधी शिकवता आला नाही,' त्या म्हणाल्या.

दुसरं उदाहरण जवळचं, म्हणजे मिलचं. इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1992 मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश आला तो 25 डिसेंबर 2023 ला. मधली एकतीस वर्षं तुमच्या शाळांतल्या कित्येक मुलांच्या घरात गेली आहेत. अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला ही मुलं रात्रभर जागतात, पण त्या झाक्या मिलच्या नावाने का निघतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तर या विषयावर एका गटाचा पहिला खर्डा असा होता :

आजोबा : मिल बंद पडल्यामुळे आमच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला.
नात : आजोबा, तुम्ही खूप सोसलंत. आम्हाला तुमचा अभिमान वाटतो.

मी दोनच प्रश्न विचारले. हे बोलताना आजोबांच्या हातात काय आहे? आणि समोरच्या माणसाला त्यांच्याकडून नेमकं काय हवंय? मग गटाला घरी पाठवलं, घरातल्या म्हाताऱ्यांशी बोलून या म्हणून. येताना मुलं साचेखातं, जॉबर, बदलीवाला, पाळी, भोंगा असे शब्द घेऊन आली. दुसरा खर्डा असा :

(सकाळ. आजोबा खाटेवर बसलेत. पायात चपला, हातात रिकामा डबा. आजी पोहे निवडते आहे.)
आजी : कुठे निघालात?
आजोबा : पाळी आहे.
आजी : मिल बंद होऊन सहा महिने झाले.
आजोबा : मग डबा का घासून ठेवतेस रोज?
(आजी पोहे निवडत राहते.)
शेजारी (दारातून) : अरे भिया, चल रिया है के नी? गेट पे मीटिंग है, यूनियनवाले आए हैं।
आजोबा : आ रिया हूँ। (आजीला) बघ. पाळीच आहे.

या दोन खर्ड्यांच्या मधे जे घडलं ते मला तुमच्या वेळापत्रकात हवं आहे. त्यात मुलाखत आली, निरीक्षण आलं, काटछाट आली. 'दुःखाचा डोंगर' स्वतःच्या हाताने खोडणं आलं, आणि ते मोठ्या लेखकांनाही जड जातं. कंसातली सूचना हीसुद्धा भाषाच असते, हे मुलांना कळलं. आजी काहीच बोलत नाही तेव्हा ती सगळ्यात जास्त बोलते, हे मी सांगितलं नव्हतं.

पुढे तर त्यात गणितही शिरलं. एका मुलाने 224 कोटींना 4800 कामगारांनी भागलं. प्रत्येकी सरासरी चार लाख सहासष्ट हजार आले. त्याला त्याने एकतीस वर्षांच्या महिन्यांनी भागलं, तेव्हा महिन्याला जेमतेम साडेबाराशे रुपये पडले. दुसरी मुलगी म्हणाली, हा हिशेब चूक आहे, ही थकबाकी आहे, एकतीस वर्षांचा पगार नव्हे. दोघांचं भांडण जुंपलं. आम्ही ते भांडण तसंच दुसऱ्या प्रवेशात घातलं, बाप आणि मुलगा यांच्या तोंडी. नेमकं कोण बरोबर, हे प्रेक्षकांत बसलेल्या सातवीच्या वर्गाने ठरवायचं होतं. त्यांचंही एकमत झालं नाही.

वरच्या संवादात शेजारी हिंदीत बोलतो आणि आजी मराठीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्या बहुतेक शाळा आता हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाच्या आहेत, त्याबद्दल गळा काढायला हे पत्र नाही. पण इंदूरचं मराठी मूल दिवसभर तीन भाषांत जगतं. घरी मराठी, गल्लीत इंदुरी हिंदी, पुस्तकात इंग्रजी, आणि भाजीवाली मावशी बोलते ती माळवी वेगळीच. निबंधाच्या वहीत यातली एकच चालते, बाकीच्या चुका ठरतात. नाटकाच्या वहीत सगळ्या हक्काने येतात, कारण जो जसा बोलतो तसाच त्याला बोलवावं लागतं. घरी 'मराठी बोल' म्हणून ज्या मुलांच्या मागे लागावं लागतं, ती आजीचा संवाद बरोबर यावा म्हणून पुण्याला मावशीला फोन लावतात. माचसारखा तालासुरात चालणारा माळव्याचा स्वतःचा नाट्यप्रकार आपल्या अंगणात आहे. त्याचे बोल या मुलांच्या कानावर या निमित्ताने पडले, तर मराठीचं काही बिघडणार नाही.

जाता जाता : हल्ली काही गट चॅटजीपीटीकडून संहिता आणतात. मी रागावत नाही, मोठ्याने वाचायला लावतो. सगळी पात्रं एकसारखी शहाणी, एकसारखी शुद्ध, आणि शेवटी कुणाला तरी आपल्या चुकीची जाणीव होते. दुसऱ्या पानाला वर्ग हसायला लागतो. मग मी विचारतो, यातलं जुन्या गावात राजवाड्याजवळ कोण राहतं आणि नव्या वस्तीत विजयनगरला कोण? उत्तर मिळत नाही, आणि काम पुन्हा वहीवर येतं.

विज्ञानाबद्दल थोडं सांगतो, कारण विज्ञानाचे शिक्षक मला टाळतात. त्यांचं चुकत नाही. 'मी हृदय आहे, मी दर मिनिटाला इतके ठोके देतो' असं थर्माकोलचं हृदय गळ्यात अडकवून म्हणणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. धड्याचे तुकडे करून वाटले की नाटक होत नाही, धडाच लांबतो. नाटकाला पेच लागतो, आणि विज्ञानात पेचांना तोटा नाही. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. रोग दूषित हवेने पसरतो, अशी तेव्हाच्या बहुतेक डॉक्टरांची समजूत. जॉन स्नो म्हणत होता की पाण्याने पसरतो, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती मृत्यू दाटलेले त्याने दाखवून दिले. पंपाची दांडी काढायची तर स्थानिक मंडळाला पटवायला हवं. मंडळातल्या कुणालाच जंतू दिसलेला नाही. आता लिहा तो बैठकीचा प्रवेश. स्नो होणाऱ्या मुलाला पुरावा म्हणजे काय हे समजावं लागतं, आणि मंडळाचा सभासद होणाऱ्याला शंका कशी घ्यावी हे. त्या प्रवेशासाठी ड्रेस लागत नाही, एक टेबल आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा पुरतो. चिंचाळकर गुरुजी टाकाऊ वस्तूंतून आणि वाळल्या पानांतून चित्रं उभी करत, ती याच गावात. नेपथ्यासाठी थर्माकोल विकत आणायची आपल्याला खरं तर लाज वाटली पाहिजे.

तुमच्या हरकती मला तोंडपाठ आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, आवाज होतो, पालक गुण विचारतात.

अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर मी जास्तीचा तास मागत नाही. इतिहास, भाषा आणि विज्ञान यांचे आहेत तेच तास, आठवड्याला एक, आळीपाळीने. धडा तोच, फक्त उत्तर संवादात लिहायचं. सीबीएसईच्या शाळांत 2020-21 पासून पहिली ते दहावी कला-समाकलित प्रकल्प सक्तीचा आहे. नववी-दहावीच्या अंतर्गत 20 गुणांत विषय-समृद्धीचे 5 गुण आहेत, त्यांत तो मोजता येतो. या प्रकल्पात जोडीच्या राज्याची कला घ्यायची असते, आणि मध्य प्रदेशाची जोडी मणिपूर-नागालँडशी लावलेली आहे, म्हणून आपल्याकडे त्या राज्यांच्या नाचांचे फोटो सायबर कॅफेतून छापून फाइलला चिकटवले जातात आणि प्रकल्प झाला म्हणतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कलांच्या जोडीने शिकवण्याबद्दल लिहिलं आहे, ते या चिकटवहीसाठी खचितच नव्हे. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात नसेल. दोन वर्षांचं बी.एड. सुरू झालं तेव्हापासून त्यात नाट्य आणि कला हा घटक आहे. तुमच्या तरुण शिक्षक-शिक्षिकांनी त्याचं जर्नल लिहून गुण मिळवलेले आहेत. त्यांना विचारा, त्यातलं एक तरी वर्गात करायची मुभा आपण त्यांना दिली का?

आवाज होतो, हे खरं. सहा-सहाचे सात गट एकाच खोलीत बोलायला लागले की शेजारच्या वर्गाचं पाढे म्हणणं थांबतं. त्यावर उपाय म्हणून मी शेवटचा तास मागतो. तेवढ्याने पूर्ण सुटत नाही, हेही सांगून ठेवतो.

गुणांचं मात्र गंभीरपणे बोलायला हवं, कारण इथे घोळ होतो. अभिनयाला गुण देऊ नका. अभिनयाला गुण दिले की बोलकी मुलं सगळे लुटून नेतात आणि तोतरं बोलणारा मुलगा कायमचा पडद्यामागे जातो. गुण द्यायचे ते खर्ड्यांना. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत काय बदललं, का बदललं, माहिती कुठून आणली, गटात कुणी काय केलं, हे सगळं वहीत दिसतं. खाडाखोडीची वही जपून ठेवा, स्वच्छ प्रत मागू नका. बुजऱ्या मुलांसाठी आपल्याकडे अभिवाचन आहेच. हातात कागद, पाठांतर नाही, हालचाल नाही. एकच मजकूर चार-पाचदा मोठ्याने वाचावा लागतो, त्याने वाचन सुधारतं. आणि वाचणाऱ्याला कुणी 'नाटक कर' म्हणत नाही, म्हणून तो हळूहळू करायला लागतो.

पालकांना एक विनंती आहे. या प्रयोगांचे रील काढू नका. वर्गात प्रेक्षक म्हणून दुसरा वर्ग बसेल, फार तर तुम्ही मागे उभे राहा. कॅमेरा आला की मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून कॅमेऱ्याशी बोलतात, आणि मग पुन्हा डिसेंबर सुरू होतो.

स्नेहसंमेलन बंद करा असं मी म्हणत नाही. नाच होऊ द्या, बँड वाजू द्या. पण नाटकाचे जे पंधरा मिनिट आहेत, ते मुलांच्या वर्षभराच्या वह्यांतून निवडा. रेकॉर्डिंग रद्द करा. मागच्या रांगेला दोन वाक्यं ऐकू गेली नाहीत तरी चालेल. ड्रेसच्या भाड्याचे पैसे वाचतील त्यातून वर्गाच्या कपाटात बालनाट्यांची पुस्तकं येतील, ती मुलांनी वाचावीत म्हणून, पाठ करावीत म्हणून नव्हे.

आता कामाचं. जुलैचं वेळापत्रक मे-जूनमध्येच पक्कं होतं, म्हणून हे पत्र आत्ता. सुरुवातीला एका शाळेने एकच वर्ग द्यावा. पहिले दोन महिने लिखाण, गणपतीच्या सुट्टीनंतर वाचन, आणि 5 नोव्हेंबरला अभिवाचन, शाळेच्या वेळात, वर्गातच. त्या विषयाचे शिक्षक तासाला माझ्याबरोबर बसलेच पाहिजेत, ही अट मी सोडणार नाही. ते मोकळा तास समजून स्टाफरूममध्ये गेले तर पुढच्या वर्षी मी नसताना हे चालणार नाही. मानधन डिसेंबरच्या पाकिटाएवढंच, वर काही नको.

बाकं भिंतीला लावून मधे जागा करावी लागेल. तुमच्याकडची बाकं जमिनीत ठोकलेली असतील तर आधी कळवा, मग आपण ग्रंथालयात किंवा व्हरांड्यात बसू. आणि तास संपल्यावर बाकं जागेवर मुलंच लावतील, हे शिपाईकाकांना माझ्या वतीने आजच सांगून ठेवा.

आपला,
रामबागेतला एक नाटकवाला
इंदूर